सील्ड क्वेंच भट्टीतला वायू: स्टीलचा कार्बन जागच्या जागी कसा ठेवायचा

माल मऊ आला की सगळे आधी तापमानाचा चार्ट काढतात, मग क्वेंच ऑइल (तापलेला माल विझवायचं तेल) तपासतात. वायूची आठवण सगळ्यात शेवटी होते, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. मी भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं हीट ट्रीटमेंट शॉप सांभाळतो. आमच्या सील्ड क्वेंच भट्ट्या (भट्टी आणि तेलाची टाकी एकाच बंद आवरणात) नायट्रोजन-मिथेनॉलवर चालतात. एका पाळीत ईएन १९ या स्टीलचे शाफ्ट हार्डन होतात आणि पुढच्या पाळीत त्याच भट्टीत २० एमएनसीआर ५ या कमी कार्बनच्या स्टीलचे गिअर कार्बराइज होतात, म्हणजे त्यांच्या वरच्या थरात कार्बन घातला जातो. नव्या ऑपरेटरला मी जे शिकवतो ते इथे लिहितो आहे. भट्टी कुठल्याही कंपनीची असो, बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की भट्टीत वायू सोडला, हवा बाहेर राहिली, की काम झालं. हवा बाहेर राहते हे खरं. पण आत सोडलेला वायू गप्प बसत नाही. ८५० अंशांना तापलेल्या स्टीलच्या पृष्ठभागाशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन कार्बन देतात; कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ कार्बन ओढून नेतात. कोणाचा जोर किती, यावर स्टीलचं कातडं, म्हणजे वरचा थर, ठरतं. हा जोर एका आकड्यात सांगतात तो म्हणजे कार्बन पोटेन्शियल. लोखंडाची अगदी पातळ पट्टी त्या तापमानाला त्या वायूत पुरेसा वेळ ठेवली, तर शेवटी तिच्यात जितके टक्के कार्बन बसेल, तितकं त्या वायूचं कार्बन पोटेन्शियल. ०.४० टक्के कार्बनचं स्टील ०.२५ च्या वायूत ठेवलंत तर कातडं डीकार्ब होईल, म्हणजे त्यातला कार्बन निघून जाईल. ०.६० च्या वायूत ठेवलंत तर उलट कार्बन आत शिरेल, आणि बोल्टचे आटे ठिसूळ होतील.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. वायूचं मिश्रण तेच ठेवून तापमान वाढवलं तर कार्बन पोटेन्शियल खाली येतं. ८६० ला बरोबर असलेला वायू ९२५ ला पातळ पडतो. म्हणून तापमानाचा सेट पॉइंट (कंट्रोलरवर लावलेला आकडा) बदलला की वायूचाही विचार पुन्हा करायचा.

कुठल्या स्टीलला किती

ईएन ८ आणि ईएन १९ दोन्हींत कार्बन ०.४० च्या आसपास, तरी दोन्हींना एकच सेट पॉइंट योग्य नाही. क्रोमियम कार्बनला धरून ठेवतं. त्यामुळे क्रोमियम असलेलं स्टील त्याच वायूत साध्या पट्टीपेक्षा थोडा जास्त कार्बन घेतं. ईएन १९ मध्ये क्रोमियम साधारण एक टक्का असतं, म्हणून मी तिथे ०.३६-०.३८ लावतो आणि ईएन ८ ला ०.४०. अर्थात सेट पॉइंट ठरवण्याआधी त्या हीटचं (स्टीलच्या एका ओतणीचं) टेस्ट सर्टिफिकेट बघा. ईएन ८ म्हणून आलेल्या बारमध्ये कार्बन ०.३६ ही असू शकतो आणि ०.४४ ही.

ईएन ३१ चं गणित वेगळं आहे. त्यात एकूण कार्बन एक टक्का असला तरी ८३०-८४० अंशांना सगळा विरघळत नाही, बराचसा कार्बाइडमध्येच (कार्बनच्या कठीण कणांमध्ये) राहतो. स्टीलमध्ये एक टक्का आहे म्हणून वायूही एकचा लावला, तर कातड्यावर कार्बाइड वाढतात आणि भट्टीत काजळी धरते. आम्ही बराच खालचा आकडा धरून नव्या ग्राहकाचा पहिला लॉट कापून मायक्रोस्कोपखाली बघतो, मगच रेसिपी पक्की करतो.

कार्बरायझिंगला दोन टप्पे. ९२५ अंशांना आधी १.०० ते १.१० चा बूस्ट (कार्बन भरणं), मग ०.७५ ते ०.८० चा डिफ्यूजन (तो आत पसरू देणं), आणि क्वेंचआधी ८४० पर्यंत उतरवणं. कार्बन किती खोल शिरतो (या थराला केस म्हणतात) याचा ढोबळ अंदाज घ्यायला ९२५ ला ०.६३५ गुणिले तासांचं वर्गमूळ धरा, उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. चार तासांत एकूण केस सव्वा मिलिमीटरच्या आसपास. बूस्टमध्ये घाई करून १.२० च्या वर नेऊ नका. ९२५ ला ऑस्टेनाइटची (या तापमानाला स्टीलचं जे रूप असतं त्याची) कार्बन धारण क्षमता १.२५-१.३० च्या आसपासच संपते, पुढचा कार्बन काजळी होऊन फॅनवर आणि गिअरच्या दातांवर बसतो.

वायू कशापासून करायचा

दोन रस्ते आहेत. पहिला एंडोगॅस जनरेटर. एलपीजी किंवा नैसर्गिक वायू ठरावीक हवेत मिसळून १०४० अंशांच्या निकेल कॅटॅलिस्टवरून जातो. नैसर्गिक वायूपासून साधारण २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, ४० टक्के हायड्रोजन आणि ४० टक्के नायट्रोजन मिळतो. प्रोपेनपासून कार्बन मोनॉक्साइड २३-२४ टक्के होतो आणि हायड्रोजन ३१ वर येतो. हवेचं प्रमाणही बदलतं: मिथेनला सुमारे २.४ पट हवा, प्रोपेनला ७.१ पट, ब्यूटेनला ९.५ पट. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्यूटेन मिसळलेले असतात आणि ते प्रमाण प्रत्येक भरण्यात सारखं येईलच असं नाही. बाटल्यांच्या बँकेतून वाफ काढत असाल तर आधी प्रोपेन जास्त निघतं, तळाशी ब्यूटेन राहतं. म्हणजे सकाळी बसवलेलं प्रमाण संध्याकाळी चुकीचं. व्हेपोरायझर (द्रव एलपीजीची वाफ करणारं यंत्र) लावा, आणि एलपीजीवर जनरेटर चालवणाऱ्यांनी दव बिंदू (ज्या तापमानाला वायूतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) पाळीतून दोनदा तरी मोजावा. जनरेटरच्या तोंडाशी तो अधिक २ ते अधिक ५ अंशांच्या दरम्यान हवा. तयार गॅस लगेच थंड करावा लागतो. ७०० ते ४८० अंशांच्या टप्प्यात तो रेंगाळला की कार्बन मोनॉक्साइड फुटून काजळी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि पाइप आतून बुजत जातो.

दुसरा रस्ता आमचा: नायट्रोजन आणि मिथेनॉल. गरम भट्टीत मिथेनॉलच्या एका रेणूचा एक कार्बन मोनॉक्साइड आणि दोन हायड्रोजन होतात. एक लिटर मिथेनॉलपासून सुमारे १.६६ घनमीटर वायू मिळतो. त्याला १.१ घनमीटर नायट्रोजन जोडला की २०-४०-४० चं तेच मिश्रण तयार होतं. हिशेब सोपा आहे: तासाला ३ लिटर मिथेनॉल असेल तर नायट्रोजन ३.३ घनमीटर. कंट्रोलरमधली सगळी गणितं २० टक्के कार्बन मोनॉक्साइड गृहीत धरून असतात, म्हणून हे प्रमाण मनाला येईल तसं बदलायचं नाही. नायट्रोजनचं बिल कमी करायला प्रवाह घटवणारे मी पाहिले आहेत. मग दार उघडताच भट्टी हवा ओढते आणि वाचलेले पैसे रिवर्कमध्ये जातात.

मिथेनॉलची लान्स (ते भट्टीत सोडणारी नळी) फॅनच्या झोतात थेंब टाकेल अशी बसवा. थेंब भिंतीवर पडत असतील तर विटांवर काळा डाग दिसतो. तो दिसला की समजायचं, मिथेनॉल नीट फुटत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड २० टक्क्यांना पोचत नाही.

जीव सांभाळायचा भाग

हा भाग प्रत्येक नव्या माणसाकडून मी तोंडपाठ करून घेतो. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, कार्बन मोनॉक्साइड साडेबारापासून ७४ पर्यंत. भट्टी ७६० अंशांच्या वर असेल तर आत आलेला ज्वालाग्राही वायू हवा भेटताच शांतपणे जळतो. त्याखाली तो न जळता साठतो, आणि मग एका ठिणगीत दार उडतं. म्हणून ७६० च्या खाली मिथेनॉल किंवा एंडोगॅस सोडायचा नाही, कुणीही सांगितलं तरी नाही. कार्यपद्धती अशी: भट्टी नायट्रोजनखाली तापवा, चेंबरच्या आकारमानाच्या निदान पाचपट नायट्रोजन जाऊ द्या, ८०० ओलांडू द्या, दारावरचा पायलट (कायम पेटती छोटी ज्योत) डोळ्यांनी पेटलेला पाहा, मग मिथेनॉल चालू करा. व्हेस्टिब्यूलच्या (क्वेंच टाकीवरच्या पुढच्या कोठडीच्या) बर्न-ऑफवर, म्हणजे बाहेर पडणारा वायू जाळायच्या तोंडावर, ज्योत स्थिर झाली की पुढचं काम. बंद करताना उलटा क्रम: ७६० च्या वर असतानाच मिथेनॉल बंद, नायट्रोजनचे पाच आकारमान, मग तापमान उतरवणं.

आपल्याकडे लाइट जाते. त्या मिनिटाला फॅन थांबतो, तापमान उतरू लागतं, दाराचे सिलिंडर आहेत तिथेच अडकतात. इमर्जन्सी नायट्रोजनचा व्हॉल्व्ह वीज नसताना आपोआप उघडणारा असावा आणि मिथेनॉलचा आपोआप बंद होणारा. दर महिन्याला मेन स्विच पाडून हे प्रत्यक्ष बघा. नायट्रोजनचा साठा या प्रसंगासाठी मोजायचा असतो. चेंबर आणि व्हेस्टिब्यूल मिळून ६ घनमीटर असतील तर पाच वेळा धुवायला ३० घनमीटर लागतात. एका मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर असतो, म्हणजे पाच भरलेले सिलिंडर हे किमान झालं. टँकचा नायट्रोजन असला तरी ही बँक वेगळी ठेवतो, आणि तिला रोजच्या कामासाठी कुणी हात लावत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दुपारी दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर ते उन्हाने आहे असं म्हणून चालू नका, बाहेर काढा आणि मीटर बघा. डिटेक्टर नाकाच्या उंचीवर हवा. आमच्याकडे दशलक्षात २५ भागांना पहिला भोंगा होतो आणि ५० ला शेड रिकामी. नायट्रोजनही तितकाच घातक आहे. क्वेंच टाकी किंवा पिट भट्टीच्या खड्ड्यात उतरण्याआधी ऑक्सिजन मोजा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. मिथेनॉलची ज्योत दिवसा उजेडात जवळजवळ दिसत नाही आणि ते कातडीतूनही शरीरात जातं, तेव्हा हातमोजे लागतातच.

चार्ज, म्हणजे एका वेळचा माल, लावण्याआधी

ओला, तेलकट माल भट्टीत घालणं म्हणजे स्वतःच्या हाताने पाणी आणि काजळी आत सोडणं. कूलंट लागलेले भाग गरम अल्कलीत धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि पूर्ण सुकवा. आंधळी भोकं खाली तोंड करून लावा, नाहीतर त्यात पाणी राहतं. पाणी राहिलेला भाग क्वेंच टाकीपर्यंत गेला तर भट्टीच्या वायूपेक्षा मोठा धोका उभा राहतो. तेलात पाण्याचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत हवं. शंका आली की थोडं तेल तापलेल्या पत्र्यावर टाका. तडतडलं तर चार्ज थांबवा. गंजलेला, स्केल (ऑक्साइडचा पापुद्रा) असलेला माल तसाच घातला तर स्केलमधला ऑक्सिजन वायू खराब करतो आणि खाली डीकार्ब होतं. असा माल ब्लास्टने (कणांच्या झोताने) साफ करूनच घ्यायचा. भागांमध्ये फट ठेवा. एकमेकांना चिकटलेल्या पृष्ठभागांमध्ये वायू पोचत नाही.

प्रोब काय सांगतो आणि काय सांगत नाही

ऑक्सिजन प्रोबमध्ये झिर्कोनियाची नळी असते. आत बाहेरची हवा, बाहेर भट्टीचा वायू. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकावर मिलिव्होल्ट तयार होतात. कार्बरायझिंगला हा आकडा साधारण ११०० ते ११६० च्या दरम्यान असतो. कंट्रोलर त्यावरून कार्बन पोटेन्शियल काढतो, पण त्यासाठी कार्बन मोनॉक्साइड किती हे त्याला आपण सांगितलेलं असतं, त्याने मोजलेलं नसतं. प्रत्यक्षात २० च्या जागी १७ टक्के असेल तर स्क्रीनवर ०.८० दिसेल आणि खरा आकडा त्याहून कमी असेल. प्रोपेनच्या एंडोगॅसवर २३ असताना फॅक्टर २० चाच ठेवला, तर खरा आकडा वर असेल. म्हणून स्क्रीनवर विश्वास ठेवून शिफ्ट काढणारा ऑपरेटर मला चालत नाही.

प्रोबची निगा थोडक्यात: संदर्भ हवा कोरडी, तेल नसलेली आणि चालू आहे का ते रोज बघा. कॉम्प्रेसरच्या लाइनमधून सरळ घेऊ नका, छोटा पंप स्वतंत्र लावा. दर पाळीला एकदा टोकावर हवा सोडून काजळी जाळा. जळताना मिलिव्होल्ट २०० च्या खाली आले पाहिजेत, नाही आले तर हवा पोचत नाही. गरम भट्टीत नवा प्रोब घालताना इंच इंच करत, मध्ये काही मिनिटं थांबत घाला. धक्क्याने नळी तडकते, आणि तो खर्च छोटा नाही.

फॉइल चाचणी

खरा निवाडा फॉइलचा. ०.१ मिमी जाडीची, ०.०५ टक्के कार्बनची लोखंडी पट्टी घ्या, २५ बाय ५० मिमी. वजन साधारण एक ग्रॅम भरतं. कडा कापताना बर (उभी राहिलेली धातूची कड) राहू देऊ नका. अॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर फक्त चिमट्याने धरा, कारण बोटाच्या तेलाचं वजनही या काट्यावर दिसतं. काटा एक दशांश मिलिग्रॅम दाखवणारा हवा, आणि तो भट्टीच्या धक्क्यांपासून दूर, दार बंद करता येईल अशा खोलीत.

पट्टी गुंडाळून दांड्याच्या टोकाला अडकवा आणि चाचणीच्या पोर्टमधून भट्टीत सरकवा. ९२५ अंशांना अर्धा तास पुरतो. ८६० ला पाऊण ते एक तास द्या, नाहीतर पट्टी संपृक्त होण्याआधीच बाहेर येते आणि आकडा खोटा कमी दाखवतो. भट्टीचा वायू या सगळ्या वेळात स्थिर असला पाहिजे. दार उघडल्यावर किंवा सेट पॉइंट बदलल्यावर लगेच फॉइल घालण्यात अर्थ नाही.

काढताना घाई करू नका. दांडा मागे ओढून पट्टी पोर्टच्या थंड नळीत आणा, भट्टीचा वायू तिच्यावरून वाहत असताना पाच-सात मिनिटं तिथेच थंड होऊ द्या, मग बाहेर. नीट झालेली पट्टी राखाडी आणि स्वच्छ दिसते. निळी किंवा तपकिरी झाली असेल तर तिने हवा खाल्ली, वजनात ऑक्सिजन मिसळला, ती फेकून द्या. काळी भुकटी लागत असेल तर काजळी आहे. पुसून वजन करण्याचा मोह होतो, करू नका. आधी भट्टीची काजळी बघा.

हिशेब असा. आधीचं वजन १.०००० ग्रॅम, नंतरचं १.००८१. वाढ ०.००८१. तिला नंतरच्या वजनाने भागून शंभरने गुणलं की ०.८० येतात. त्यात पट्टीचा मूळचा ०.०५ मिळवा, ०.८५. स्क्रीनवर ०.८० असेल तर कंट्रोलरमधला कार्बन मोनॉक्साइडचा फॅक्टर बदलून दोन्ही जुळवा. पण तो बदलण्याआधी थांबा. मागच्या आठवड्यात जुळत असलेला आकडा आज अचानक ०.०५ ने सरकला असेल तर काहीतरी बिघडलं आहे, आणि फॅक्टर बदलून तुम्ही तो बिघाड झाकता. एका बाजूने हळूहळू सरकत असेल तर बहुधा प्रोब म्हातारा होतो आहे. एकदम उडी मारली असेल तर गळती शोधा. तीन वायूंचा अॅनालायझर असेल तर कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन एकत्र बघता येतात आणि हे कोडं लवकर सुटतं. मिथेन चढत असेल तर एनरिचमेंटचा (कार्बन वाढवायला वेगळा सोडलेला) गॅस फुटत नाही, नुसता आत साठतो आहे.

गळती

भट्टी रिकामी ठेवा, दार बंद, तापमान स्थिर, सेट पॉइंट ०.८०. आता एनरिचमेंटचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो ते घड्याळ लावून बघा. निरोगी भट्टीत तो अधूनमधून उघडतो. जवळजवळ सतत उघडा असेल आणि तरी आकडा जेमतेम टिकत असेल, तर गळक्या हौदात पाणी ओतणं चाललं आहे. स्क्रीनवर ०.८० दिसतं आहे म्हणून ऑपरेटर निर्धास्त असतो, आणि दाराजवळच्या बास्केटमध्ये माल डीकार्ब होतो.

शोधायची जागा माझ्या अनुभवाच्या क्रमाने सांगतो. दाराच्या सीलची दोरी आणि दाराची बसायची फट सगळ्यात आधी. मग फॅनच्या शाफ्टचं सील. मग थर्मोकपल आणि प्रोबचे पोर्ट. मग रेडियंट ट्यूब (बर्नर जिच्या आत जळतो ती नळी), आणि ही सगळ्यात फसवी. ट्यूबला बारीक चीर पडली तर ज्वलनाचा वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि वाफ, थेट भट्टीत येतो. बर्नर एकेक करून बंद करा आणि दर वेळी दहा मिनिटं मिलिव्होल्टवर नजर ठेवा. ज्या बर्नरला बंद केल्यावर आकडा चढतो, त्याची ट्यूब काढून तपासा. पाण्याने थंड होणारे बेअरिंग असलेल्या फॅनमध्ये पाणीही गळू शकतं. तिथे दव बिंदू एकदम वर जातो.

दाब कायम बाहेरपेक्षा थोडा जास्त हवा, पाण्याच्या काही मिलिमीटरइतका. चार्ज तेलात उतरला की व्हेस्टिब्यूलमधला वायू आकसतो आणि त्या क्षणी भट्टी हवा ओढू पाहते. क्वेंचच्या वेळी नायट्रोजनचा प्रवाह आपोआप वाढेल अशी जोडणी करून घ्या. बर्न-ऑफची ज्योत आत ओढली जाताना दिसली तर ती जोडणी काम करत नाही.

काजळीने भरलेली भट्टी जाळून साफ करताना भट्टी रिकामी, ज्वालाग्राही वायू पूर्ण बंद, नायट्रोजनने धुतलेली, आणि हवा अगदी थोडी थोडी. तापमान सेट पॉइंटच्या वर पळायला लागलं तर हवा लगेच कमी करा. साफ केल्यावर विटा कार्बन पिऊन घेतात. पुढचे काही तास वायूखाली रिकामी चालवून फॉइल जुळल्यावरच माल लावा. सोमवारी सकाळच्या पहिल्या चार्जचं डीकार्ब बहुतेक इथून येतं.

पावसाळ्याबद्दल एंडोगॅसवाल्यांसाठी एवढंच. जुलैत पुण्याच्या हवेत आकारमानाने दोन-अडीच टक्के वाफ असते, हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी याच्या निम्मीही नसते. जनरेटर ही हवा ओढतो, म्हणून जूनमध्ये हवा-गॅसचं प्रमाण पुन्हा बसवावं लागतं, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा. धुऊन सुकवलेला मालही शेडमध्ये रात्रभर पडला तर दमट होतो.

मालावर काय बघायचं

क्वेंचनंतर, टेंपर (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं) करण्याआधी, एका तुकड्याच्या कोपऱ्यावर नवी फाइल घासा. नीट हार्डन झालेल्या ईएन १९ वर ती घसरते. आधी चावली आणि थोडं खाली गेल्यावर घसरू लागली, तर वर मऊ कातडं आहे. रॉकवेलचा ठसा खोल जातो, त्यामुळे पातळ डीकार्ब तो नीट दाखवत नाही. खात्री करायची तर तुकडा कापा, माउंट करा, पॉलिश करून दोन टक्के नायटलने (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) एच करा, म्हणजे आतली रचना उघडी पडेल, आणि कडेपासून आत व्हिकर्सचे बारीक ठसे घ्या, ३०० ग्रॅमच्या वजनाने. कडेला पांढरे फेराइटचे (जवळजवळ कार्बन नसलेल्या लोखंडाचे) दाणे दिसले तर कार्बन गेलेला आहे.

पण दोष भट्टीचाच असेल असं नाही. काळा हॉट रोल्ड बार मिलमधूनच डीकार्ब घेऊन येतो. ग्राहकाने वरचा थर पुरेसा टर्न केला नसेल तर तोच थर आपल्या माथी येतो. म्हणून दर लॉटमधला एक तुकडा हार्डन करण्याआधीच कापून ठेवा. वाद झाला तर कडेचे दोन फोटो शेजारी ठेवता येतात. डीकार्ब किती खोल आहे ते कळलं आणि ग्राइंडिंग अलाउन्स (घासून काढायला ठेवलेली जाडी) त्याहून जास्त असेल तर माल वाचतो. नसेल तर ०.४० च्या वायूत पुन्हा तापवून कार्बन परत घालता येतो. त्याला वेळ लागतो, आकार थोडा हलतो, आणि ग्राहकाला सांगूनच ते करायचं.

कार्बराइज केलेल्या गिअरच्या कडेला, एच न करता, दाण्यांच्या सीमांवर काळ्या बारीक रेघा दिसतात. हे आतलं ऑक्सिडेशन. लोखंडाला न गंजवणारा वायूही क्रोमियम, मँगनीज आणि सिलिकॉनला गंजवू शकतो, त्यामुळे या पद्धतीत थोडं असतंच. ड्रॉइंगमध्ये त्याची मर्यादा फारच कमी दिली असेल तर काम व्हॅक्यूम कार्बरायझिंगला पाठवावं, तसं आम्ही ग्राहकाला आधीच कळवतो.

ज्यांच्याकडे फक्त मफल भट्टी आहे

डाय आणि पंच करणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये वायूची भट्टी नसते. डी२ या टूल स्टीलचा पंच १०२० अंशांना उघडा तापवला तर स्केल आणि डीकार्ब ठरलेलंच. त्याला स्टेनलेसच्या पातळ फॉइलमध्ये गुंडाळा, कडा दोनदा दुमडून रोलरने दाबा, आत कागदाचा छोटा तुकडा टाका म्हणजे अडकलेला ऑक्सिजन तोच खातो. फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, जाड हातमोजे घाला. डी२ हवेत थंड होतो, त्यामुळे पाकीट न उघडता पंख्यासमोर धरता येतं. ईएन ३१ सारख्या तेलात विझवायच्या स्टीलला पाकीट चालत नाही, ते उघडेपर्यंत उष्णता निघून जाते. अशा भागांसाठी झाकणाचा डबा घ्या, भाग कास्ट आयर्नच्या कोरड्या, तेल नसलेल्या किसात पुरा आणि झाकण मातीने लिंपा. डबा आतपर्यंत तापायला उघड्या भागापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. डब्यातच थर्मोकपल खुपसा आणि सोकिंगचा (त्या तापमानाला धरून ठेवायचा) वेळ त्याचा आकडा पोचल्यापासून मोजा.